मुलाखत आणि मुखवटा

१९७० सालच्या एप्रिल महिन्यात लंडनमधील वृत्तपत्रकचेऱ्यांत पॉल मॅक्कार्टनी यांच्या पहिल्या स्वतंत्र ध्वनिमुद्रिकेच्या प्रती जाऊन पोहोचल्या. त्यांच्यासोबत एक छापील पत्रक होते. पत्रकाचे स्वरूप मुलाखतीचे. प्रश्न होते, त्यांखाली उत्तरे होती. फक्त प्रश्न विचारणारा पत्रकार तेवढा नव्हता. प्रश्नोत्तरांचा सारा खटाटोप बीटल्स मंडळींच्या स्वतःच्याच कचेरीतून झालेला होता. बीटल्सबरोबर पुन्हा ध्वनिमुद्रण करण्याचा सध्या काही बेत नाही, लेनन यांच्या साथीने पुन्हा गीते रचण्याचा योग दिसत नाही, अशी उत्तरे त्यात होती. १० एप्रिल रोजी लंडनच्या 'डेली मिरर'ने पॉल यांनी बीटल्स सोडल्याची बातमी पहिल्या पानावर झळकविली आणि विसाव्या शतकातील सर्वांत गाजलेला गायकवृंद फुटल्याचे जगाला कळले.

मॅक्कार्टनी त्या वेळी सत्तावीस वर्षांचे होते. पत्रकारांसमोर बसण्याची त्यांची इच्छा नव्हती, म्हणून त्यांनी ही युक्ती योजिली. पुढील अर्धशतकात रॉक-संगीतातील थोर कलावंतांनी मुलाखत या प्रकाराशी जो खेळ मांडला, त्याचे बीज या पत्रकात आहे. बोलावे तर लागते, कारण ध्वनिमुद्रिका विकावयाची असते. पण काय बोलले जावे नि कसे छापले जावे याचे सूत्र हातून सुटू द्यावयाचे नसते. आज हे गायक ऐंशीच्या घरात आले आहेत. त्यांच्या मुलाखती अजून निघतात, चवीने वाचल्या जातात. त्यांत सत्य किती नि सजावट किती, हा प्रश्न केवळ कुतूहलाचा नाही. ज्या काळाविषयी ते बोलतात, त्या काळाचे साक्षीदार आता थोडेच उरले आहेत; त्यांच्या तोंडून जे निघेल, तेच उद्या इतिहास म्हणून नोंदले जाणार आहे.

खरेपणाचा हा आग्रह रॉक-गायकाच्याच बाबतीत एवढा का धरला जातो, हे प्रथम पाहिले पाहिजे. त्यापूर्वीचा लोकप्रिय गायक बहुधा दुसऱ्याने रचलेली गीते गात असे. तो सुरेल गातो की नाही, एवढेच श्रोता पाहत असे. गीतातील विरहाचे दुःख गायकाने स्वतः भोगले आहे काय, असे कोणी त्याला विचारीत नसे. १९६० नंतरच्या दशकात हे चित्र पालटले. गायक आपली गीते आपणच रचू लागला आणि जे गातो ते आपलेच अनुभव आहेत, असा एक अलिखित करार त्याच्यात व श्रोत्यात झाला. असा करार झाला म्हणजे गायकाचे जीवन हीही त्याच्या कलेची सामग्री ठरते, आणि त्या जीवनाची ओळख करून देणारी मुलाखत ही ध्वनिमुद्रिकेइतकीच महत्त्वाची होऊन बसते.

गंमत अशी की, हा करार मोडण्यास सुरुवातही त्याच क्षणी झाली. बॉब डिलन यांचे मूळ नाव रॉबर्ट झिमरमन. मिनेसोटा राज्यातील हिबिंग या खाणींच्या गावी ते वाढले; वडिलांचे विजेच्या उपकरणांचे दुकान होते. परंतु न्यूयॉर्कला येताच या तरुणाने आपण फिरत्या जत्रांबरोबर गावोगाव भटकलो, आईवडिलांशी आपला संबंध उरलेला नाही, अशा कहाण्या सांगावयास प्रारंभ केला. १९६३ सालच्या नोव्हेंबरात 'न्यूजवीक' साप्ताहिकाने हे बिंग फोडले. ज्या मातापित्यांशी संबंध तुटल्याचे सांगितले जात होते, ते दोघे त्याच सुमारास पुत्राचे गायन ऐकण्यासाठी न्यूयॉर्कला आले होते! डिलन संतापले. पण त्यातून त्यांनी जो धडा घेतला तो खरे बोलण्याचा नव्हता. १९६५ च्या डिसेंबरात सॅन फ्रान्सिस्को येथे पत्रकारांनी त्यांना घेरले, तेव्हा आपण कवी की गायक या प्रश्नाला त्यांनी आपण नाचगाणे करणारा माणूस आहोत, असे थट्टेचे उत्तर दिले. प्रश्नाला प्रश्नाने, गांभीर्याला विनोदाने उडवून लावण्याची ती पद्धत त्यांनी जन्मभर सोडली नाही.

रोलिंग स्टोन्स या वृंदाची कथा याहून व्यवहारी. बीटल्सची प्रतिमा नीटनेटक्या, हसतमुख मुलांची होती. तेव्हा स्टोन्सचे तरुण व्यवस्थापक अँड्र्यू लूग ओल्डहॅम यांनी आपल्या गायकांना उनाड, उद्धट पोरे म्हणून बाजारात आणले. तुमच्या बहिणीला यांच्यासोबत जाऊ द्याल काय, अशा अर्थाचा मथळा १९६४ साली 'मेलडी मेकर'मध्ये झळकला, तो या धोरणाला साजेसाच होता. वृंदाच्या संस्थापकांपैकी एक, पियानोवादक इयन स्ट्यूअर्ट, यांना केवळ दिसण्यात बसत नाहीत म्हणून छायाचित्रांतून वगळण्यात आले. वादन मात्र ते पुढेही करीत राहिले. बंडखोरीचीही अशी काटेकोर मांडणी करावी लागते, हे श्रोत्यांना त्या वेळी ठाऊक नव्हते.

मोकळेपणाने बोलण्याची किंमत काय पडते, हे १९६६ साली जॉन लेनन यांना कळले. लंडनच्या 'इव्हनिंग स्टँडर्ड'साठी मॉरीन क्लीव्ह यांच्याशी बोलताना, बीटल्स हे येशूपेक्षाही अधिक लोकप्रिय झाले आहेत, असे उद्गार त्यांनी काढले. मार्चमध्ये हे छापून आले तेव्हा इंग्लंडात कोणी भुवईही वर केली नाही. जुलैअखेर 'डेटबुक' या अमेरिकी मासिकाने तेच वाक्य उचलून पुढे मांडले आणि अमेरिकेच्या दक्षिण भागात बीटल्सच्या ध्वनिमुद्रिकांच्या होळ्या पेटल्या. ऑगस्टमध्ये शिकागो येथे लेनन यांना पत्रकारांसमोर खुलासा करून माफी मागावी लागली. वाक्य तेच, स्थळ बदलले आणि अर्थ बदलला. दुधाने तोंड पोळलेला मनुष्य ताकही फुंकून पितो, हा अनुभव लेनन यांच्या निमित्ताने साऱ्या गायकवर्गाला आला. प्रसिद्धीखात्याची भिंत उंच होत गेली, तिच्या पायाशी असे अनुभव आहेत.

तरीही खरेपणाची तहान कायमच होती. १९६७ साली स्थापन झालेल्या 'रोलिंग स्टोन' या नियतकालिकाने ती ओळखली. त्याचे संपादक यान वेनर यांनी १९७० च्या डिसेंबरात लेनन यांची प्रदीर्घ मुलाखत घेतली. पुढील वर्षाच्या आरंभी ती दोन अंकांत छापून आली. सोबत्यांविषयीचा कडवटपणा, स्वतःच्या दुःखांची उघड कबुली, सारे तीत होते. रॉक-संगीतातील निर्भीड मुलाखतीचा नमुना म्हणून ती गाजली. परंतु त्यातील कितीतरी विधाने लेनन यांनीच पुढे मागे घेतली, आणि वेनर यांनी त्या मुलाखतीचे पुस्तक काढले ते लेनन यांच्या मर्जीविरुद्ध. म्हणजे आवेशाने सांगितलेले सत्यही त्या घटकेपुरतेच सत्य होते. माणूस रागात असताना खरे बोलतो, ही समजूत लोकप्रिय आहे. पण रागही एक मुखवटाच असू शकतो.

या परंपरेचा खरा उलगडा २०२३ साली झाला. डिलन, जॅगर, लेनन, स्प्रिंगस्टीन आदी सात गायकांच्या मुलाखतींचे वेनर यांचे पुस्तक त्या वर्षी निघावयाचे होते. त्यानिमित्त 'न्यूयॉर्क टाइम्स'ने त्यांचीच मुलाखत घेतली. स्त्रिया व कृष्णवर्णीय कलावंत पुस्तकात का नाहीत, या प्रश्नाला त्यांनी दिलेले उत्तर इतके अनुदार होते की, दुसऱ्याच दिवशी, १६ सप्टेंबर रोजी, रॉक-संगीताच्या ज्या कीर्तिमंदिराच्या स्थापनेत त्यांचा हात होता, त्याच्या नियामक मंडळावरून त्यांना दूर करण्यात आले. गदारोळ झाला तो या उत्तराचा. पण त्याच मुलाखतीत आणखी एक कबुली होती: आपण ज्यांच्या मुलाखती घेतल्या त्यांना मजकूर तपासू नि दुरुस्त करू दिला. जॅगर यांच्या २००१ सालच्या स्वतंत्र ध्वनिमुद्रिकेवर वेनर यांनी स्वतःच परीक्षण लिहून तिला पाचापैकी पाच तारे बहाल केले होते, हेही येथे आठवावे. ज्या पानांवर गायकांचे अंतरंग उघडे झाले अशी वाचकांची श्रद्धा होती, त्यांतील काही पाने गायकांच्याच हातांखालून गेलेली होती. न्यायाधीश नि पक्षकार एकाच पंगतीला जेवत होते.

आता मुलाखतीची ही यंत्रणा कशी चालते ते पाहावे. नवी ध्वनिमुद्रिका किंवा दौरा जवळ आला की, प्रसिद्धीचे काम पाहणारी मंडळी एखाद्या हॉटेलात खोली घेतात. पत्रकारांना एकामागून एक, मोजून ठरलेल्या वेळेसाठी आत सोडले जाते. कोणते विषय काढावयाचे नाहीत हे आधी सूचित केलेले असते. कित्येकदा प्रसिद्धी-अधिकारी खोलीतच बसलेला असतो. अप्रिय प्रश्न विचारणाऱ्याला पुढच्या वेळी बोलावणे येत नाही, आणि प्रसिद्ध चेहरा मुखपृष्ठावर असल्यावाचून मासिक खपत नाही. इंग्लंडात १९८६ साली 'क्यू' व १९९३ साली 'मोजो' ही मासिके निघाली, ती वयाने वाढलेल्या रसिकांसाठी. त्यांचा बराच भार जुन्याच नायकांवर होता. अशा स्थितीत पत्रकार हा चौकशी करणारा राहत नाही; तो पाहुणा होतो, आणि पाहुण्याने यजमानाच्या घरातील कोपरे धुंडाळू नयेत, हा शिष्टाचार आहे.

पुढेपुढे तर पाहुण्याचीही गरज उरली नाही. २००५ साली मार्टिन स्कॉर्सेसी यांनी डिलन यांच्यावर अनुबोधपट काढला. त्यातील डिलन यांची मुलाखत त्यांचे व्यवस्थापक जेफ रोझन यांनी घेतलेली होती. २०१७ साली डिलन यांची एक दीर्घ मुलाखत प्रसिद्ध झाली, ती त्यांच्या स्वतःच्या संकेतस्थळावर. २०१९ च्या दुसऱ्या अनुबोधपटात तर कल्पित पात्रे नि कल्पित आठवणी खऱ्यांत बेमालूम मिसळून दिल्या होत्या. ६ सप्टेंबर २०२३ रोजी रोलिंग स्टोन्सनी 'हॅकनी डायमंड्स' या ध्वनिमुद्रिकेची घोषणा केली, ती लंडनच्या एका जुन्या नाट्यगृहात. तेथे प्रश्न विचारण्यास अमेरिकी दूरचित्रवाणीवरील विनोदकार जिमी फॅलन यांना बसविले होते आणि समारंभ जगभर एकाच वेळी दाखविला जात होता. जॅगर यांची ऐंशी वर्षे त्याआधी जुलैतच पूर्ण झाली होती. १९७० सालचे ते पत्रक आता समारंभ होऊन बसले होते.

हे सारे निव्वळ ढोंग आहे, असे म्हणून मोकळे होणे सोपे आहे. पण ते न्याय्य नाही. वार्धक्याचा प्रश्न येथे आडवा येतो. रॉक-संगीत हे तारुण्याच्या नावाने जन्मले. वडील पिढीचा धिक्कार हा त्याचा मूळ सूर. ज्याने विशीत म्हातारपणाची चेष्टा केली, त्याला ऐंशीव्या वर्षी तीच गीते त्याच आवेशाने गावी लागतात. शास्त्रीय गायकाला वय वाढल्याने प्रतिष्ठा येते. आवाज थकला तरी जाण वाढली, असे रसिक आदराने म्हणतो. रॉक-गायकाला ही सवलत नाही. तेव्हा साठ वर्षांपूर्वीच्या त्या तरुणाची राखण करणे हा त्याच्या उपजीविकेचाच भाग होतो.

शिवाय स्मृतीचा स्वभावही ध्यानात घेतला पाहिजे. एखादी आठवण शंभरदा सांगितली म्हणजे तिचे कंगोरे झिजतात. ऐकणारा ज्या ठिकाणी हसला ती जागा पक्की होते, जेथे तो कंटाळला ती गळून पडते. शेवटी सांगणाऱ्याला घटना आठवत नाही, आपले सांगणेच आठवते. तो खोटे बोलत नसतो. खरे पुन्हा गाठण्याचा मार्गच त्याच्यापुरता बुजलेला असतो. कीथ रिचर्ड्स यांनी २००७ साली एका इंग्रजी साप्ताहिकाला सांगितले की, आपण मृत पित्याच्या अस्थींची राख नाकावाटे ओढली. जगभर कोलाहल झाला. त्यांच्या व्यवस्थापनाने ती थट्टा असल्याचे जाहीर केले. २०१० साली 'लाइफ' या आत्मचरित्रात त्यांनी पुन्हा सांगितले की, राखेचा डबा उघडताना थोडी कणी टेबलावर सांडली होती, ती झटकून टाकवेना, म्हणून तसे केले. विधान, खंडन, पुन्हा विधान! यांतील खरे कोणते, हे आता रिचर्ड्स यांच्याशिवाय कोण सांगणार? त्यांचे सहकारी जॅगर यांनी वेगळी वाट धरली. १९८० नंतर त्यांनी आत्मचरित्रासाठी प्रकाशकाकडून मोठी रक्कम घेतली, काम सुरूही केले, पण मागचे आयुष्य उकरणे नकोसे झाले, तेव्हा पैसे परत केले. न लिहिलेल्या त्या पुस्तकाने जॅगर यांच्याविषयीचे कुतूहल जितके टिकविले, तितके लिहिलेल्या पुस्तकाने टिकविले असते काय, हा प्रश्नच आहे.

यात पैशाचा हिशेबही आहे. २०२० च्या डिसेंबरात डिलन यांनी आपल्या गीतांचे हक्क युनिव्हर्सल कंपनीस विकले; पुढच्याच वर्षी ब्रूस स्प्रिंगस्टीन यांनी आपला संगीतसंग्रह सोनी कंपनीस दिला आणि त्याची किंमत पन्नास कोटी डॉलरच्या आसपास असल्याचे वृत्तपत्रांनी दिले. गीताची किंमत केवळ सुरांवर ठरत नाही. त्याभोवतीच्या कथेवरही ठरते. आपली कथा जपणारा वृद्ध गायक आपली मिळकतच जपत असतो.

मग या साऱ्यात सच्चेपणा असा कोठेच सापडत नाही काय? सापडतो, पण जेथे शोधावा असे वाटते तेथे नाही. स्प्रिंगस्टीन यांचेच उदाहरण घ्यावे. कारखान्यातील कामगारांचा गायक म्हणून त्यांचा लौकिक. २०१७ साली न्यूयॉर्कच्या एका लहान नाट्यगृहात त्यांनी एकपात्री प्रयोग सुरू केले. त्यात ते प्रेक्षकांना सांगत की, आपण कारखान्याची आतली बाजू कधी पाहिली नाही, नियमित नोकरी केली नाही. हे सारे आपण रचले. ही कबुली लिखित संहितेतील होती. ती रोज रात्री ठरलेल्या जागी येई, रोज तेथेच हशा पिके. तरीही ती खोटी नव्हती. आपल्या ख्यातीचा पायाच त्यांनी आपल्या हाताने उघडा केला आणि कामगाराचे ते दुःख वडिलांचे होते, त्यांचाच वेष आपण चढविला, हे सांगितले. नाटकीपणा आणि खरेपणा नेहमीच परस्परविरोधी नसतात, हे यातून दिसते.

डेव्हिड बोवी यांनी दुसरे टोक दाखविले. १९७२ साली आपण समलिंगी असल्याचे त्यांनी 'मेलडी मेकर'मध्ये जाहीर केले. १९८३ साली, नव्या ध्वनिमुद्रिकेने अमेरिकेची बाजारपेठ जिंकली असता, तसे बोलणे ही मोठी चूक होती, असे सांगितले. २००२ साली, ती चूक नव्हती, पण अमेरिकेत ते जड गेले, असा तिसरा निर्वाळा दिला. एका आयुष्यात तीन उत्तरे! पुढे त्यांनी उत्तरे देणेच थांबविले. ८ जानेवारी २०१३ रोजी, सहासष्टाव्या वाढदिवशी, दहा वर्षांच्या शांततेनंतर त्यांचे नवे गीत अकस्मात प्रकट झाले. मुलाखत मात्र एकही नाही. त्यांच्यातर्फे निर्माते टोनी व्हिस्कॉन्टी बोलत. एका कादंबरीकाराने पृच्छा केली, तेव्हा बोवी यांनी खुलासा म्हणून फक्त बेचाळीस शब्दांची यादी धाडली. २०१६ च्या ८ जानेवारीस शेवटची ध्वनिमुद्रिका निघाली. १० जानेवारीस ते कर्करोगाने वारले. आजाराची वार्ता बाहेर फुटली नव्हती. झाकली मूठ सव्वा लाखाची म्हणतात, ती अशी. मृत्यूनंतर लोकांनी ती गीते पुन्हा ऐकली आणि मुलाखतीत जे सांगितले नव्हते ते गीतांत सांगितले होते, हे त्यांच्या ध्यानी आले.

जे स्वतः बोलू शकत नाहीत त्यांची प्रतिमा मागे राहिलेल्यांच्या हाती जाते. फ्रेडी मर्क्युरी यांचे शालेय शिक्षण आपल्या पाचगणीच्या सेंट पीटर्स शाळेत झाले; तेथेच त्यांनी सवंगड्यांबरोबर पहिला वाद्यवृंद काढला. आपल्या पारशी कुळाविषयी नि त्या दिवसांविषयी ते मुलाखतींत क्वचितच बोलत. आजाराची कबुली त्यांनी २३ नोव्हेंबर १९९१ रोजी दिली आणि दुसऱ्या दिवशी ते निवर्तले. २०१८ साली त्यांच्यावर जो बोलपट निघाला त्यात त्यांच्या वृंदातील दोन ज्येष्ठ वादकांचा हात होता. १९८५ सालच्या प्रसिद्ध 'लाइव्ह एड' जलशापूर्वी वृंद फुटलेला होता, आणि आजाराची वार्ता सोबत्यांना त्याच वेळी कळली, असे त्यात दाखविले आहे. वस्तुतः तो वृंद दोनच महिन्यांपूर्वी एकत्र दौरा करून आला होता. कथेला उठाव आला; तारखा मात्र बळी गेल्या. ज्यांनी तो काळ पाहिला नाही, त्यांना आता हाच काळ खरा वाटेल.

याच्या उलट अनुभव मॅक्कार्टनी यांच्या वाट्याला आला. १९६९ च्या जानेवारीत बीटल्सच्या तालमींचे चित्रण झाले होते. त्यातून १९७० साली 'लेट इट बी' हा बोलपट निघाला. भांडणे, थकवा, उदासी, एवढाच ठसा त्याने मागे ठेवला. वृंद आपल्यामुळे फुटला, या लोकप्रवादावर मॅक्कार्टनी यांचाही हळूहळू विश्वास बसू लागला होता. २०२१ साली पीटर जॅक्सन यांनी त्याच सुमारे साठ तासांच्या चित्रणातून जवळजवळ आठ तासांची मालिका तयार केली. तीत जॉर्ज हॅरिसन वृंद सोडून निघून जातात तो प्रसंग आहे, जो जुन्या बोलपटात नव्हता. आणि चौघे मनमुराद हसतात, खेळतात, गीत रचतात, तेही आहे. ही मालिकाही बीटल्स कुटुंबीयांच्याच संमतीने निघाली, हे विसरता येत नाही. तरीपण स्वतःविषयीची आपली समजूत या चित्रणाने बदलली, असे मॅक्कार्टनी यांनी सांगितले. पन्नास वर्षे मुलाखतींनी जे घडविले होते, ते जुन्या फितींनी दुरुस्त केले.

यातून श्रोत्याने घ्यावयाचा बोध साधा आहे. मुलाखत वाचताना प्रथम पाहावे की ती केव्हा दिली गेली, प्रश्न कोणी विचारले आणि शेवटचा हात कोणी फिरविला. बोलणाऱ्याला त्या बोलण्याने काही लाभ होतो की त्याची काही हानी होते, हेही पाहावे. ज्या विधानाची किंमत बोलणाऱ्याने स्वतः मोजली, त्यावर अधिक भरवसा ठेवावा. आणि शक्य असेल तेथे त्याच्या आजच्या शब्दाशेजारी त्या काळचा कागद, त्या काळची फीत ठेवून पाहावी. प्रतिमा राखण्याचा हक्क वृद्ध कलावंताला जरूर आहे. आपल्या घराची दारे कितपत उघडावी हे घरधन्यानेच ठरवावे. परंतु ओसरीवर जे मांडले तेच सारे घर, असे मानण्याचे बंधन पाहुण्यावर नाही. हे गायक एकेक करून जात आहेत. त्यांनी सांगितलेल्या कहाण्या मागे राहतील. त्या कहाण्या कोणी रचल्या हे जाणणारा रसिक शिल्लक राहिला, तरच त्यांच्या गीतांनाही न्याय मिळेल.